कॅसेटची उरलेली अकरा मिनिटं

(पारोळा, १९९१. निंबा पाटलांच्या घराचा ओटा. धुळ्याहून आलेले निवृत्त पोलीस जमादार अभिमननाना आणि पाटलांची मुलगी सुनंदा.)

नाना : ...तसं नाही, माय. मी तपासाला नाही आलो. रिटायर होऊन चार वर्षं झाली. माले फक्त ती कॅसेट पाहिजे.

सुनंदा : माझ्या लग्नाची? तुम्हाला कशाला?

नाना : लग्न नको. लग्नाच्या खालचं पाहिजे.

सुनंदा : खालचं?

नाना : तुमची शूटिंग करणारा धुळ्याचा भटू. त्याची व्हिडिओ लायब्ररी शे. कोरी कॅसेट महाग पडते, म्हणून जी कोणी नेत नाही तिच्यावरच लग्न घेतो तो. माझी विलायती मालिका गेली ना त्यात! तीन कॅसेटी होत्या. दोन पाह्यल्या. तिसरी मागायला गेलो तर म्हणे, नाना, तिच्यावर पारोळ्याचं लग्न चढलं.

सुनंदा : तो उंच इन्स्पेक्टर? मळका कोट घालणारा?

नाना : तू कुठं पाह्यला त्याले?

सुनंदा : माझी पाठवणी संपते, पडद्यावर जरा मुंग्या येतात आणि मग तो दिसतो. अकरा मिनिटं उरलाय.

नाना : म्हणजे शेवट शे! सांगू नको हं. नाही, सांगच. त्या इन्स्पेक्टरच्या बठ्ठ्या, एकूण एक जुन्या केसेस पाह्यल्या मी. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. पण तो खोलीत शिरला की खिडकी कुठं, खुर्ची कुठं, कोणाचे हात कुठं, एका नजरेत टिपतो. आमच्या साहेबांना ते कधी जमलं नाही.

सुनंदा : आधी तुम्ही सांगा. मेलं कोण? मला एवढ्या वेळा बघून तेच कळलं नाही.

नाना : बंगल्याचा म्हातारा मालक. जिन्यावरून पडला. माझा संशय माळ्यावर.

सुनंदा : माळी? तो तर शेवटी गुलाब छाटत उभा आहे.

नाना : मग कोण?

सुनंदा : घर सांभाळणारी बाई.

नाना : अरे राम! तिला तर मी हिशेबातच धरलं नव्हतं. दोन कॅसेटीत तिच्या तोंडी पाच वाक्यं नसतील.

सुनंदा : तिसरीत बोलते. सात मिनिटं. घड्याळ लावून बघितलंय मी.

नाना : दाखव ना, माय. निंबाभाऊ रागावतील का?

सुनंदा : बाबा कापूस घेऊन मार्केटला गेलेत. त्यांना वाटतं, कॅसेट मी चुलीत घातली. तुम्ही बोलू नका.

नाना : चुलीत कशाला?

सुनंदा : मी सासरहून परत आले ना. लग्नाचे फोटो बाबांनी विहिरीत टाकले. व्हीसीआर जावयाला द्यायला घेतलेला, तो तेवढा राहिला. घरात कोणी नसलं की मी लग्न पुढं पळवते आणि ही अकरा मिनिटं बघते.

नाना : शेवट माहीत असून?

सुनंदा : शेवटासाठी नाही. ती बोलते तेव्हा त्याच्याकडं बघा. मधे तोंड घालत नाही. वहीसुद्धा काढत नाही.

नाना : तसाच शे तो. आम्ही आधी कानाखाली वाजवायचो, मग विचारायचो. तीस वर्षं तेच केलं. त्याले पाह्यलं की लाज वाटते मला.

सुनंदा : लावू का?

नाना : थांब जरा. तू कधी आली परत?

सुनंदा : दिवाळीला. चार महिने होतील.

नाना : का आली, माय? नसंल सांगायचं तर राहू दे.

सुनंदा : तसं नाही, नाना. परत कधी जाणार, हे सगळ्यांनी विचारलं. का आलीस, असं विचारणारे तुम्हीच पहिले.