एक्केचाळीस अंगठे

महादेवी : म्हणजे हा कागद तुम्ही आधी पाहिलाय, धुरपतामावशी?

धुरपताबाई : पाहिलाय म्हंजी? याच वट्ट्यावर पसरला व्हता तुझ्या अप्पानं, ईश्वरप्पानं. निजाम जाऊन वरीस बी झालं नव्हतं. वाच बरं, काय लिवलंय.

महादेवी : ‘दिल्लीत नवी राज्यघटना बनत आहे. सगळा अधिकार दिल्लीच्या हाती देऊ नये. गावचा कारभार गावाकडेच राहावा. समस्त गावकरी.’ खाली एक्केचाळीस अंगठे.

धुरपताबाई : हाव. हैदराबादचा मालक गेला, आता दिल्लीचा नको, म्हणायचा. बोलायचा लई झ्याक.

महादेवी : जन्मभर सांगायचे, अर्ज पाठवला पण दिल्लीनं उत्तर दिलं नाही. अप्पा गेले, पेटी उघडली, तर अर्ज आतच. आता नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी लातूरची माणसं तो मागतायत. त्यांना काय सांगू? अप्पा खोटं का बोलले?

धुरपताबाई : बीदर झालं, उस्मानाबाद झालं, आता लातूर. तीन जिल्हे झाले, मी हाय तिथंच.

महादेवी : मावशी, विषय बदलू नका.

धुरपताबाई : कुठं बदलतीया? बेचाळिसावा अंगठा माझा पाहिजे व्हता त्याला.

महादेवी : तुमचाच का?

धुरपताबाई : नांदेडला येवढी पुस्तकं शिकवतीस, अन् हे उमगंना? आमच्या वस्तीतला येक बी अंगठा नव्हता. अन् ह्यो ‘समस्त’ लिवून बसलेला! मी म्हणलं, देते. पर आधी गावच्या विहिरीवर मला घागर भरू दे. कारभार गावाचा न्हवं? मग इचारून ये गावाला.

महादेवी : विचारलं त्यांनी?

धुरपताबाई : इचारलं. चाळीस जण न्हाई म्हणले.

महादेवी : आणि एक्केचाळिसावे?

धुरपताबाई : त्यो तुझा अप्पा. गप बसला. मग आला, कागदाची घडी केली अन् गेला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

(महादेवी कागदावरचे अंगठे पुन्हा मोजते.)

महादेवी : पुन्हा कधी विषय काढला?

धुरपताबाई : तोंडानं न्हाई. बाहत्तरच्या दुष्काळात टँकर चार दिस आला न्हाई. तवा सगळ्या गावादेखत रहाट ओढून आमच्या घागरी भरल्या त्यानं. टँकर येईस्तवर, धा दिस.

महादेवी : घरी कधी बोलले नाहीत. पण मग, दिल्लीचा अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊनही बावीस वर्षं विहीर बंदच होती ना?

धुरपताबाई : व्हती. पर त्या दिशी कुणी त्याचा हात धरला न्हाई. का? कायद्याला भ्याले.

महादेवी : प्रदर्शनात हे सगळं सांगितलं, तर लोक अप्पांना नावं ठेवतील.

धुरपताबाई : ठिवू दे. गप बसला ते सांग, रहाट वढला ते बी सांग.

महादेवी : म्हणजे शेवटी पाणी गावानंच दिलं.

धुरपताबाई : गावानं न्हाई, पोरी. ईश्वरप्पानं दिलं. दिल्ली लांब हाय, आपलं ऐकत न्हाई, समदं खरं. पर ईश्वरप्पा काय दर दुष्काळाला मिळतो व्हय?