फोटोतला काळा कोपरा

मंडळी, ऐका! नको ते कापून टाका, हे सगळेच सांगतात. मीही सांगतो. क्रोध कापा, लोभ कापा! पण 'नको ते' कोणतं, हे ठरवायचं कसं? बोला की! खांबाला टेकलेले आजोबा मान हलवतायत — होकार आहे की डुलकी, देव जाणे!

तर आख्यान ऐका. पुराणातलं नाही हो, फोटो स्टुडिओतलं! का, देव काय फक्त गाभाऱ्यातच राहतो?

एक होते माणिकराव. गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. कडक इस्त्री, कपाळाला गंध, आणि शब्द म्हणजे शेवटचा! लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आता कार्यक्रम तर दणक्यात व्हायलाच हवा, वेशीवर मोठा फ्लेक्स लागायलाच हवा! म्हणून लग्नाचा जुना फोटो घेऊन गेले तालुक्याला, नसीमाताईंच्या स्टुडिओत. त्या बाईचा हात असा बसलेला, की रुसलेली नवरीसुद्धा फोटोत हसते!

फोटो कसा होता? अंतरपाट नुकताच दूर झालाय, अक्षता हवेत. मधोमध नवरा-नवरी. डावीकडे एक फेटेवाले काका — निम्मा फोटो अडवून उभे! हसू नका, प्रत्येक लग्नात एक असतातच. आणि उजवीकडे? नुसता काळोख! स्वयंपाकघराचं दार, पातेल्यांची चळत, बाकी काही दिसत नाही. वर सगळा फोटो पिवळा पडलेला.

माणिकराव म्हणाले, "ताई, ते उजवीकडचं उडवा. कचरा आहे सगळा."

ताई म्हणाल्या, "उडवते, साहेब. पण आधी उजेड करते, मग कापते. न बघता कापलं, तर काय गेलं तेच कळत नाही."

आता इथे जरा थांबा, मंडळी. माणिकरावांची आई — हौसाबाई. आपल्या भावाची मुलगी सून म्हणून आणायची, असं तिनं मनात धरलं होतं. लेकानं पसंत केली सुलभा! आई गप्प झाली. आणि लग्नात, ऐन अक्षता पडायच्या वेळी, उठून स्वयंपाकघरात निघून गेली. आता, मुलाच्या आईनं लग्न लागताना बघायचं नाही, असा त्यांच्याकडे रिवाजच होता. पण लेकाला वाटलं — रागानं गेली! माझं लग्न तिला नकोच होतं! पुढे आई धाकट्याकडे मळ्यात राहायला गेली, आणि थोरल्याच्या उंबऱ्यात जेमतेम सणाला यायची. मग काय, संशयाला पुरावाच मिळाला! "बरी आहेस का?" "बरी आहे." मायलेकाचं बोलणं एवढंच. आणि या कार्यक्रमाला? आईला निमंत्रणच नव्हतं हो!

चला परत स्टुडिओत. ताईंनी पिवळेपणा काढला — सुलभाचा शालू मोरपंखी निघाला! कॉन्ट्रास्ट वाढवला — अक्षतांचा दाणा न् दाणा सुटा दिसायला लागला! चेअरमन खूश. मग ताईंनी काळोख उजळायला घेतला. हळू... हळू... आधी दाराची चौकट दिसली. मग पातेल्यांच्या कडा. मग — एक चेहरा!

"अहो, इथे कोणीतरी बाई आहे!"

दाराआडून अर्धी बाहेर वाकलेली. पदराचं टोक दातात. डोळे थेट नवरा-नवरीवर. आणि हात वर उचललेला, मूठ नुकतीच उघडलेली — अक्षता टाकून!

"कोण हो ह्या?"

माणिकराव पडद्याजवळ वाकले. "आई," म्हणाले. "माझी आई."

फोटोची प्रत घेतली आणि गाडी थेट मळ्यात! आई अंगणात शेंगा फोडत बसलेली. लेकानं फोटो पुढे धरला. मंडळी, आई हसली असेल? छे! ती घाबरली!

"ह्यो कुणाला दाखवलास?"

"का गं?"

"पोराच्या आईनं बघायचं नसतं रं! पर तू एवढा नटलेला, अन् मी भिताडाकडं तोंड करून बसू? राहवलं न्हाई. बघितलं मी. मग किती वर्सं तुझ्या घरात पाळणा हलला न्हाई... म्हटलं, माझ्याच नजरंनं झालं हे. म्हणून लांब ऱ्हायले. पुढं पोरगी झाली, तरी जीव भ्यायचा. तिला काय व्हायला नको."

"आई, मला वाटलं, तुला सुलभाच नको होती."

"आधी नव्हती मनात, खोटं कशाला बोलू? पर त्या दारातनं बघितली अन् माझीच झाली ती."

अख्खं संचालक मंडळ ज्यांना बिचकतं, ते माणिकराव मातीत बसले, आईच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडले. मला सांगतानासुद्धा भरून येतं.

मग डोळे पुसले आणि फोन लावला. "ताई, कापा!"

"कुठून, साहेब?"

"डावीकडून! काका उडवा!"

ताई हसल्या. "आता बघा कसा उठून दिसतोय! नवरा-नवरीवरून नजर अक्षतांच्या मागे मागे थेट दारापर्यंत जाते. आईंचा रंग जरा गोरा करू?"

"अजिबात नको! चुलीपुढचा रंग आहे तो. आहे तस्साच ठेवा!"

फ्लेक्स लागला. काका रुसले — रुसू देत! आणि कार्यक्रमात हौसाबाईनं समोर उभं राहून अक्षता टाकल्या. कोणीतरी कुजबुजलंच, "मुलाच्या आईनं..." तशी सुलभा माइकवरूनच म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी तेव्हाही बघितलंय, आणि माझा संसार चांगलाच झालाय!"

कात्री वाईट नाही, मंडळी! कापावंच लागतं, त्याशिवाय चित्र उभं राहत नाही. पण आपण काय कापतो? जे दिसत नाही, ते! कुणी भाऊ कापलाय, कुणी जाऊ, कुणी जिवाभावाचा मित्र. 'तो तसलाच,' म्हटलं की झालं! त्या कोपऱ्यात एकदा तरी उजेड पाडलात का? त्या माणसाला कधी विचारलंत, बाबा रे, तू त्या दिवशी का उठून गेलास? माणिकरावांची आई हयात होती, म्हणून ते सुटले. कधी कधी दार उघडेपर्यंत दाराआडचं माणूस राहिलेलं नसतं!

आता हात जोडा. डोळे मिटा. मी 'काय कापतो' म्हटल्यावर ज्याचं नाव मनात आलं ना — हां, तेच! — ते आधी घ्या. देवाचं नंतर घेतलं तरी चालेल. तो थांबेल. ते माणूस किती थांबेल, ते मात्र मला सांगता येत नाही!