पायाळूच्या पाठीत सुई

शी, शी, शी! पाठीचं नाव काढू नका माझ्यापुढं! तुम्हाला सांगतो, माणसाच्या पाठीची मला किळस आलीय. मी पाशामियाँ पिंजारी. येरमाळ्यात घरोघरच्या गाद्या मी पिंजल्या, पण गादीसाठी कोण हाक मारतंय? हाक मारतात लाथेसाठी! का, तर मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय आले म्हणून कुणाच्या कंबरेत उसण भरली की मी डाव्या पायानं तीन लाथा घालायच्या, अन् पायाळूनं न्हाय म्हणायचं नसतं! निजामाच्या राजवटीत घातल्या, आता एसटी आली, पंचायत आली, लाथ तीच! अन् पाठी तरी कसल्या... कुणी लसणाचं तेल थापलेलं, कुणी आठ दिवस अंघोळ न केलेला, गोरोबा तर शेण लिंपून आला, माझाच पाय घसरला! पाय माझा, पण मालकी गावाची!

बरं, शेवटी माझीच पाठ धरली. आता पायाळूला लाथ कुणी घालायची? हसू नका! आमच्या घरवालीच्या, नसीमबीच्या अंगावरनं दोन वर्षांमागं वारं गेलं, पाय लुळे पडले. रोज सकाळी मी तिला बाजेवरनं उचलून लिंबाखाली बसवायचो. ते बंद झालं. शेजारची रुद्रम्मा न्यायची, पण परक्या हातांत नसीमबीला लाज वाटायची, तोंडावर पदर घ्यायची. ते बघवंना, म्हणून गेलो सोलापूरला, एसटीत उभ्यानं.

दवाखान्यातला तो स्पिरिटचा वास... अजून भाकरीला येतोय! मला पालथं पाडलं, अन् डॉक्टर बोटानं मणके मोजायला लागला. 'आजोबा, मणक्याच्या सांध्याला सूज आहे, तिथंच इंजेक्शन देऊ. कधी मार लागला होता?'

म्हटलं, 'न्हाय साहेब, मी मारतो.'

'कुणाला?'

'येईल त्याला.'

तो नर्सच्या तोंडाकडं बघायला लागला! अन् ती सुई? सुई कसली, गादी शिवायचा दाभण! मी 'या अल्ला' म्हणतोय अन् तो म्हणतोय, 'हलू नका हं, थोडंसं दुखेल.' थोडंसं! पाठ माझी, अन् थोडंसं त्याचं!

पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी पाठ मोकळी! डॉक्टरनं बजावलं होतं, झटका बसू द्यायचा न्हाय. जपून नसीमबीला उचललं, लिंबाखाली बसवलं, काय हसली म्हणता... तेवढ्यात दारात माणिकप्पा किराणावाला, कंबर धरून! 'चाचा, सोलापूरचं औषध तुमच्या अंगात गेलंय म्हणं. आता लाथ दुप्पट लागू पडणार!'

'अरे बाबा, औषध पाठीत गेलं, पायात न्हाय!'

'तीन दिवस झाले की चाचा, उतरलं असंल खाली!'

दुपारपर्यंत अंगणात रांग! येडशीपासनं लोक आले हो, त्याच तेलकट पाठी घेऊन! घातल्या, भिंत धरून घातल्या. पाय माझा, पण मालकी गावाची!

सगळे गेल्यावर नसीमबी हळूच म्हणाली, 'अजी, सगळ्यांना लागू पडतंय... माझ्या पायांना एकदा लावून बघा की.' जन्मभर या लाथांना नावं ठेवणारी ती! अन् तिला माझा पाय चुकून लागला तरी मी माफी मागणारा. पण कसं न्हाय म्हणू? भिंत सोडली, एका पायावर उभा राहिलो, दुसरा टेकवला... पिंजलेला कापूस टेकवावा तसा. ती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, 'काय बी झालं न्हाय.'

'मला ठाऊक होतं.'

'मग चाळीस वर्षं गावाला का मारताय?'

तोंड उघडलं, अन् कंबरेत अशी कळ आली की खाली बसलो तो बसलोच. आता रोज सकाळी रुद्रम्मा येते, दोन्ही सुनांना घेऊन. आधी नसीमबीला लिंबाखाली ठेवतात, मग मला.