इंजिनातला दुसरा नट

एसटीत मागच्या सीटवर आपलं जुनं गिऱ्हाईक सहादेव बसलाय, हे आवाजावरून ओळखून केडगावचा अंगद मिस्त्री वळणारच होता, तेवढ्यात सहादेवने शेजारच्याजवळ आपल्या मोटारसायकलचा विषय काढला.

"नेवाशात मच्छिंद्र मिस्त्रीच्या हातून इंजिनात नट पडला. मी चहाला गेल्तो, मला कळलंबी नसतं. पन आल्या आल्या त्यानंच सांगितलं."

"मंग सगळं इंजिन खोललं?"

"न्हाई. जुन्या स्पीकरचं चुंबक फोडलं, तुकडा क्लचच्या वायरीला बांधला अन् गळ टाकल्यावानी आत सोडला. नट आला वर. ह्यानं निरखून बघितला अन् म्हनला, ह्यो माझा न्हाई."

"मंग कुनाचा?"

"आधी केडगावला काम केलं हुतं ना, तवाचा. पाडून तसंच झाकलेलं. ह्यानं परत गळ टाकला, आपला नट काढला, मंगच उठला. दोन तास वाकून हुता!"

"लई भारी मानूस! केडगाववाल्याला शिव्या घातल्या असतील."

"एक न्हाई. म्हनला, हात सगळ्यांचाच सुटतो."

"केडगाव! चला, केडगाववाले उतरा!" कंडक्टर ओरडला.

खिशात केडगावचं तिकीट असून अंगद जागचा हलला नाही.