दिल्लीला जामीन

अरे, आमच्या वस्तीवर परदेशी कर्जातून नळ आले ना, तेव्हाचं सांगतो. उद्घाटनाला घोडेगावच्या तालुका कचेरीतले साहेब कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेचा गोरा पाहुणा घेऊन आले. भाषणात म्हणाले, "कर्ज देशानं घेतलंय, म्हणजे आपण सगळ्यांनी. आपली नातवंडंही फेडतील!"

माझे चुलते, नाना, ताडकन उठले. "साहेब, सख्ख्या मेव्हण्याला मी जामीन राह्यलो न्हाई. बायको वर्षभर बोलली न्हाई माझ्याशी. मंग दिल्लीला कवा राह्यलो वो, मला न इचारता?"

मांडवात लई हशा पिकला. साहेबांनी घाईघाईनं नळ सोडला आणि पाहुण्याला पाणी दिलं. त्यानं गटागटा दोन गिलास रिचवले.

नाना म्हणतात कसे, "साहेब, तेवढे दोन गिलास व्याजातनं वळते करा."