इवायानं धरलेली जागा

माहा इवाई तुमाले मालूमच हाये, सुनेचा बाप. उन्हाळ्यात आलता, त सकाईच गळ घेऊन वणा नदीवर गेला. अन् बसला कुठी? बाभळीखाली, माह्याच जाग्यावर! मी पोहचेपर्यंत त्यानं तीन मासे काढलेही. मी बाजूले बसली, मले एक बेंडूक नाई लागला.

मंग मी हळूच म्हटलं, "इवायबुवा, आमच्या बुढीची राख इथंच सोडली. पिंडही इथंच."

बुढी म्हंजे माही सासू. तिची राख त तिकडं पवनारले गेलती, पन त्याले काय मालूम!

त्याचा हातच थांबला. "काऊन पहिले नाई सांगतलं, इहीनबाई?"

"तुमाले भराभर मासे लागून राह्यले होते. म्हटलं, बुढीले तुमी पसंत पडले."

आपले मासे माह्या टोपलीत टाकून तो घरी पयाला. मी त्याच जाग्यावर बसून आनखी दोन काढले.

दुपारी मी रस्सा वाढून घेतला. तो नुसता वरनभात चिवडत म्हने, "तुमाले काईच वाटत नाई का वो?"

"वाटते ना! जितेपनी बुढीनं मले कधी पोटभर जेवू नाई देल्लं. आता पाहा, कशी भरपाई करून राह्यली."