काटा हलेना

—थांब, थांब, आधी मला दाखव. जे काय करशील ते माझ्या डोळ्यांदेखत कर, बिसेसर. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही—म्हणजे खरं सांगू, नाहीच. आता कुणावरच नाही. नांदी शहरात व्हॅन घेतली तेव्हा वेगाचा काटा कसा तुरुतुरु चालत होता! आणि आता बघ, पळवा नाहीतर ढकलत न्या, काटा आपला शून्यावर. किलोमीटरचे आकडेसुद्धा थिजलेत. अशी तपासणीला नेली तर माणसं बसवायचा परवाना देतील? कपाळ देतील! बाजारच्या बायकांना मी सांगून बसलेय, टोपल्यांसकट नेईन म्हणून.

आधी मला वाटलं, विकणाऱ्यानंच काहीतरी लबाडी केली. पण तो काय गावात येऊन काटा बंद करील? शनिवारी चालत होता, सोमवारी बंद. मग मधे काय आलं? रविवार. रविवारी आमच्या गावात कुणी कुदळ उचलत नाही, आणि माझी व्हॅन मात्र फिरून आली! कसं कळलं म्हणजे? सीट मागे सरकवलेली—माझे पायच पोचेनात. एवढ्या लांब तंगड्यांचा आमच्या घरात एकच, माझा मोठा भाऊ, वाइसाले. चर्चमध्ये गाताना पहिल्या रांगेत असतो, त्या दिवशी पत्ता नाही. डोकं दुखत होतं म्हणे.

विचारलं का नाही? वा रे वा! जन्म गेला तुझा आमच्या शेजारात, आणि असं विचारतोस? मोठ्या भावाशी बहीण समोरासमोर बोलते का आमच्यात? तो पुढच्या दारानं आला की मी मागच्या दारानं जाते. मान असतो तो. त्याला काही सांगायचं तर मी वहिनीला, सेरेआनाला सांगते, त्याचं काही असलं तर तीच घेऊन येते. म्हणून सेरेआनालाच म्हटलं, देवाच्या वारी चोरून व्हॅन घेऊन जातो, तो काय प्रार्थनेला? बाई असणार. सरळ म्हटलं. आग असल्याशिवाय धूर निघतो का?  दुसऱ्या दिवशी तिनं चटया गुंडाळल्या, पोरांना घेतलं आणि गेली माहेरी. मला वाईट वाटलं, नाही कसं? पण खरं ते खरं—नाही का? तू मान का डोलवत नाहीस?

काय? काट्याची केबल तुटलेली नाही? नुसती निघालीय? बघ! म्हणत नव्हते मी? किती फिरवली ते कळू नये म्हणून मुद्दाम काढली त्यानं. आता तूच साक्षीदार, उद्या पाद्रीबाबांपुढे सांग—त्यानं नाही? मग कुणी काढली?

तू?

रविवारी. इथं आणली होती. ब्रेकचं तेल गळत होतं—अगंबाई, ब्रेकचं? आणि मी त्या उतारावरून... त्यानं अंगणातला डाग बघितला होय. पंप बदलताना केबल आड आली, तू काढली आणि लावायला विसरलास. मुडद्या! आणि मघापासून मान खाली घालून ऐकतोयस? बोलू नकोस म्हणाला होता? का?

'तिनं हौसेनं घेतलीय, तिला कमीपणा वाटेल.' असं म्हणाला? ह्याच शब्दांत? सेरेआनालाही कळू दिलं नाही. तिला सांगितलं की मला कळणारच.

मी काय करून बसले, बिसेसर. आता त्याला सांगू कसं? पाय धरायचे म्हटलं तरी त्याच्यासमोर उभी राहू शकत नाही मी. आमच्या दोघांचे शब्द नेणारी ती एकटीच होती, आणि तिलाच मी घालवलं. घरात तो एकटा बसलाय, ती का गेली तेही त्याला ठाऊक नसेल.

राहू दे ते झाकण. बसली ना केबल? मग बास. किल्ली दे. सेरेआनाचं माहेर नदीपलीकडे वर आहे, दुपारपर्यंत पोचेन. ती ऐकेल का रे माझं? नको, तू काही सांगू नकोस. ऊठ. बाजूला हो आधी.